बावीस श्रुतींच्या पेटीचं कूळ

ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक पेशाने डॉक्टर. पेटी शिकले गोविंदराव पटवर्धनांकडे. म्हणजे वळण नाट्यसंगीताच्या साथीचं. पण त्यांचं नाव जोडलं गेलं ते 22 श्रुतींच्या हार्मोनियमशी. तिच्यात सप्तकाच्या पट्ट्या नेहमीच्या 12च. षड्ज-पंचम सोडून उरलेल्या दहा स्वरांना दोन-दोन श्रुती, आणि पट्टीखालची खुंटी हलवली की त्याच पट्टीतून दुसरी श्रुती बोलते. हिशेब सोपा दिसतो, पण ज्या भांडणातून तो निघाला ते पाचशे वर्षांचं आहे, आणि ते पेटलं होतं युरोपातल्या चर्चमध्ये.

तिथले ऑर्गन लावणारे शुद्ध गांधारासाठी हट्टी होते. 5:4 या प्रमाणातला गांधार निवांत, ठेहराव असलेला. अडचण अशी, की एखादी काळी पट्टी एका षड्जाचा गांधार म्हणून नेमकी लावली, तर दुसऱ्या षड्जाचा कोमल धैवत म्हणून ती बोचते. मग कारागिरांनी काळी पट्टी सरळ मधोमध चिरली: पुढचा तुकडा एका सुराचा, मागचा दुसऱ्याचा. लंडनच्या टेंपल चर्चमध्ये 1680च्या दशकात बसवलेल्या ऑर्गनला अशा चिरलेल्या पट्ट्या होत्या. इटलीतला पाद्री निकोला विचेन्तिनो तर 1555 सालीच एका सप्तकात तीसहून जास्त पट्ट्या मांडून मोकळा झाला होता. वाजवणाऱ्याच्या बोटांचं काय, हा प्रश्न अशा विद्वानांना सहसा पडत नाही.

शेवटी जिंकली सोय. बारा स्वर समान अंतरावर बसवले, की कुठलीही पट्टी षड्ज धरता येते. बदल्यात गांधार अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने चढा राहतो. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ याने 1842 साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पितळी जिभल्यांचं हे वाद्य नळ्यांचा ऑर्गन न परवडणाऱ्या लहान चर्चना पावलं, मिशनऱ्यांबरोबर हिंदुस्थानात उतरलं, कलकत्त्यात हाताच्या भात्याचं झालं आणि मराठी रंगभूमीवर पायपेटी नि ऑर्गन म्हणून ठाण मांडून बसलं. गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे असत. दर नटाची पट्टी वेगळी, तेव्हा समान अंतरांची सोय इथेही कामाला आली. चढा गांधारही तिच्यासोबतच आला. तंबोऱ्याच्या खर्जातून आपसूक उमटणारा गांधार ऐकलेल्या कानाला तो खुपणारच.

सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली 22 श्रुतींची मोजणी पुस्तकात मांडली. अब्दुल करीम खाँ त्यांच्या प्रयोगांत गळ्यासह सामील होते. मुंबई इलाख्यातले न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी त्याच मोजणीवरून लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून श्रुती-हार्मोनियम करवून घेतली. 1916च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती वाजवून दाखवली, पण जाणकारांना पटली नाही. पुढे 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीलाच दार बंद केलं. ते किलकिलं व्हायला 1971 उजाडलं.

ओकांची पेटी या सगळ्यांच्या पुढची, आणि माझ्या मते सर्वांत शहाणी. देवल-क्लेमंट्स यांनी पट्ट्या वाढवल्या. ओकांनी बोटांचा सराव तसाच ठेवला आणि निवड राग सुरू होण्याआधी उरकली. भूपाला हवा तो धैवत खुंटीने नेमायचा आणि मग नेहमीसारखं वाजवायचं. श्रुती नेमक्या 22 आणि नेमक्या याच जागी आहेत का, यावर विद्वान अजून भांडतात. गायकाची श्रुती तर मींडेत सरकतच असते, आणि सरकणं हे जिभलीच्या स्वभावात नाही. शिवाय श्रुती एका षड्जाच्या हिशेबाने लावल्या की षड्ज हलवायची मुभा जाते. म्हणजे विद्यार्थ्याने आधी आपली पट्टी ठरवायची, मगच पेटी घ्यायची.