मूठभर धान्य आणि शाळा

उमरखेड तालुक्यांतील ढाणकीसारख्या कापूस-ज्वारीच्या गांवीं सुगीच्या दिवसांत घर भरलेलें असतें व पावसाळ्याच्या तोंडीं तेंच रितें होऊं लागतें, हें वाचकांस सांगावयास नको. अशा घरांकडे शाळेसाठीं मदत मागावयाची ती कशी? सातारा जिल्ह्यांत कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं हा प्रश्न धान्यानेंच सोडविला.

सन १९१९ त त्यांनीं कराडजवळील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ त साताऱ्यास वसतिगृह काढिलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवीत. त्यांच्या अन्नाकरितां मुष्टिफंड निघाला. गृहिणीनें दळणापूर्वीं मूठभर धान्य बाजूस काढावें, एवढीच ती योजना. मूठ आधीं निघे, उरल्यासुरल्यांतून नव्हे. सारें मर्म येथेंच आहे.

मुलांसहि आयतें अन्न नव्हतें. स्वयंपाकांत व शेतांत त्यांचे हात असत. ज्यानें स्वतः पेरणी केली त्यास भाकरी चार महिने आधीं योजावी लागते, हें पुस्तकावांचून कळतें.

एकदां कोठी रिकामी झाली तेव्हां लक्ष्मीबाईंनीं मुलांसाठीं आपलें मंगळसूत्रहि विकिलें. ही कथा ऐकून डोळे पाणावतात. तथापि असा प्रसंग कोणत्याहि माउलीवर येऊं नये म्हणूनच मुठीचा हिशेब, असें आम्हांस वाटतें.

त्या वसतिगृहास १९२७ त महात्मा गांधींच्या हस्तें श्री छत्रपति शाहू बोर्डिंग हाऊस हें नांव मिळालें, आणि १९४० त संस्थेचें पहिलें हायस्कूल साताऱ्यासच उघडलें.