पेट्रोलची जीप डिझेलची झाली तेव्हा

शाळेच्या स्मरणिकेत इंजिन-गिअरबॉक्सवर लेख कशाला, असं काहींना वाटेल. पण आपल्या बॅचचे दोघे-तिघे दहावीनंतर थेट गॅरेजमध्ये गेले. बीड जिल्ह्याचं दळणवळण ज्या जीपवर चाललं, तिचा अर्धा इतिहास अशाच हातांनी घडवला आणि तो कुठे लिहिलेला नाही.

२ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियानात 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पोलादाच्या व्यापाराची कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले (पुढे गव्हर्नर जनरलही!) आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. मुंबईत माझगावला विलिस जीपची जोडणी सुरू झाली. त्याच १९४८च्या सप्टेंबरात आपला जिल्हा निजामाच्या राजवटीतून सुटला. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि साहेबांची जीप गावोगाव दिसू लागली. रेल्वे म्हणाल तर कित्येक वर्षं फक्त परळीला. बाकी सगळा कारभार रस्त्यावर.

आपण पाहिलेली उंच बोनेटची जीप म्हणजे सीजे-३बी. जुन्या विलिसच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असत. नव्या 'हरिकेन'मध्ये इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला, इंजिन उंच झालं, म्हणून बोनेटही उचलावं लागलं. इंजिन चार सिलिंडरचं, सुमारे २२०० सीसी. गिअर तीन, आणि पहिल्याला सिंक्रोमेश नाही. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच मारावा लागे, नाहीतर गिअरबॉक्स असा ओरडे की पारावरची माणसं वळून बघत.

१९७३ नंतर पेट्रोल भडकलं. सरकारी लिलावात घेतलेली जीप दारात उभी, पण ती पाजणार कोण? महिंद्राने १९७९च्या सुमारास पुजो कंपनीच्या एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, म्हणून ४.९०. पुढे ही इंजिनं जुन्या बाजारात मिळू लागली आणि मिस्तरींचे दिवस आले.

काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. फाउंडेशन तोडून नवे वेल्ड करायचे, चेंबर पुढच्या एक्सलला लागतो का ते बघायचं, बेल हाउसिंग जुळत नसेल तर लेथवर ॲडाप्टर प्लेट करून घ्यायची. ही प्लेट केसभर जरी सरकली तरी गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि क्रँक एका रेषेत राहत नाहीत आणि मग बेअरिंग महिन्यात जातं. मोजायला डायल गेज सगळ्यांकडे कुठून असणार? चांगला मिस्तरी बोटाने आणि कानाने जमवायचा. शिवाय डिझेलची परतीची नळी टाकीला जोडायची, ग्लो प्लगसाठी मोठी बॅटरी बसवायची.

काहींनी ट्रॅक्टरच्या खानदानातलं एमडीआय ३२०० बसवलं. ओढायला बैलासारखं, पण मिनिटाला ३२०० फेऱ्यांवर थांबणारं. मागचा रेशो ५.३८, म्हणजे पूर्ण रेस देऊनही जीप ताशी ऐंशीच्या आतच. वेग हवा असेल तर डिफरन्शियलही बदला, हे उशिरा सगळ्यांच्या लक्षात आलं. मांजरसुंब्याच्या घाटात मात्र मागे दहा-बारा माणसं बसवून ही जीप न तापता वर यायची. त्या भाड्यावर आपल्या वर्गातल्या काहींची वह्या-पुस्तकं आली, हे त्यांना ठाऊक आहे.

आता वारं उलटं आहे. पुण्या-मुंबईचे शौकीन मूळ पेट्रोल इंजिन शोधत येतात. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम ५२ची बंधनं आहेत, आरसी बुकावरचा इंजिन नंबर जुळावा लागतो. मला त्यांचा हट्ट अर्धाच पटतो. ते काढून टाकतात ते डिझेल इंजिनही त्या गाडीचा इतिहासच आहे.

आपल्या एका वर्गमित्राच्या गॅरेजमागे हरिकेनचा एक ब्लॉक अजून पडून आहे. बोअर साठ ओव्हरसाइझपर्यंत गेलेला, आता फक्त स्लीव्ह मारून वाचेल. मेळाव्याला याल तेव्हा बघून जा. तो विकायचा नाही, असं त्याने आधीच सांगून ठेवलंय.