मांजरांचे रक्तगट व रक्ताधान

मांजरांचे रक्तगट व रक्ताधान : तांबड्या कोशिकांच्या पृष्ठभागावरील प्रतिजनांनुसार मांजरांत ए, बी व एबी असे तीन मुख्य रक्तगट पडतात. ही नावे मानवी रक्तगटांसारखी असली, तरी त्या दोन पद्धतींचा परस्परांशी संबंध नाही. मांजरांत ओ गट नसल्यामुळे सर्वांना चालेल असा सार्वत्रिक दाताही नसतो.

प्राण्यांतील रक्ताधानाचा इतिहास कुत्र्यापासून सुरू होतो. इंग्लंडमध्ये रिचर्ड लोअर यांनी १६६५ च्या सुमारास एका कुत्र्याचे रक्त दुसऱ्या कुत्र्याला दिले. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये मानवी रक्तगटांचे वर्णन केल्यानंतर इतर प्राण्यांच्या रक्ताचाही अभ्यास होऊ लागला. काही मांजरांचा रक्तरस दुसऱ्या मांजरांच्या तांबड्या कोशिकांचे समूहन करतो, असे आर. इंगेब्रिग्ट्सेन यांना १९१२ मध्ये आढळले. तथापि मांजरांवरील उपचारांत या निरीक्षणाचा दीर्घकाळ फारसा उपयोग झाला नाही. कुत्र्यांत परक्या रक्तगटाविरुद्ध प्रबळ नैसर्गिक प्रतिपिंड सहसा नसतात. त्यामुळे गट न तपासता केलेले पहिले रक्ताधान बहुधा निभावते. मांजरांच्या बाबतीत हाच आडाखा प्राणघातक ठरू शकतो.

त्याचे कारण १९८१ मध्ये स्पष्ट झाले. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन भागातील मांजरांचा अभ्यास करून आउअर व बेल यांनी एबी रक्तगट पद्धतीचे वर्णन केले. त्यांनी तपासलेल्या मांजरांपैकी सु. ७३% ए गटाची, तर सु. २६% बी गटाची होती; एबी गट अत्यंत विरळा होता. बी गटाच्या मांजरांत ए-विरोधी प्रबळ प्रतिपिंड पूर्वी रक्ताधान झालेले नसतानाही असतात. अशा मांजराला ए गटाचे १ मिलि. रक्तही मारक ठरू शकते. उलटपक्षी, ए गटाच्या मांजराला दिलेल्या बी गटाच्या कोशिका काही दिवसांतच नष्ट होतात व उपचार वाया जातो.

पुढे अमेरिकेत ऊर्स गीगर व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या पाहण्यांत ब्रिटिश शॉर्टहेअर व डेव्हन रेक्स या जातींत बी गटाचे प्रमाण बरेच आढळले. सयामी मांजरे मात्र ए गटाची असल्याचे दिसून आले. हाच भेद नवजात पिलांनाही बाधतो. बी गटाच्या मादीच्या चिकातून ए-विरोधी प्रतिपिंड ए गटाच्या पिलांच्या शरीरात जातात व त्यांच्या तांबड्या कोशिकांचा नाश करतात. निरोगी जन्मलेली पिले त्यामुळे थोड्याच दिवसांत दगावतात. हे टाळण्यासाठी अशा पिलांना पहिला दिवसभर आईचे दूध देत नाहीत.

२००७ मध्ये एमआयके हा वेगळा प्रतिजन उजेडात आला. ए व बी गट जुळले तरी रक्त जुळेलच असे नाही, हे त्यावरून सिद्ध झाले. म्हणून पहिल्या रक्ताधानापूर्वीही दाता व ग्राही या दोघांचे रक्तगट तपासणे आवश्यक असते आणि शक्य तेथे दोघांच्या रक्ताची जुळणी चाचणीही करतात.