निळ्या पेटींतील लिनक्स

घराच्या कोपऱ्यांत बसून बिनतारी इंटरनेट पुरविणाऱ्या राउटराला आज्ञा देण्याचे दोन मार्ग आहेत. एक, कारखानदारानें रचून दिलेल्या पानावरील बटणें दाबण्याचा. दुसरा, अक्षरें टाइप करून यंत्राला थेट हुकूम सोडण्याचा. ह्या दुसऱ्यास कमांड लाइन म्हणतात. पहिला मार्ग सोपा खरा. पण ज्याचें बटण कारखानदारानें ठेवलें नाहीं, तें मालकालाहि मागतां येत नाहीं. दुसरा मार्ग सामान्य ग्राहकाला कसा खुला झाला, ही हकीकत मौजेची आहे.

लिंक्सिस ह्या अमेरिकन कंपनीनें डिसेंबर २००२ मध्यें डब्ल्यूआरटी५४जी नांवाचा निळाकाळा राउटर बाजारांत आणला. पुढच्याच वर्षीं सिस्कोनें ती कंपनी सुमारें ५० कोटी डॉलरांना घेतली. त्याच वर्षीं कांहीं चिकित्सक मंडळींनीं राउटराचें फर्मवेअर, म्हणजे त्यास चालविणारी अंगभूत आज्ञावली, उलगडून पाहिली, तों आंत लिनक्स! लिनक्स कोणीहि वापरावें. परंतु त्याच्या जीपीएल परवान्याची अट अशी कीं, तें घातलेली वस्तु जो विकील, त्यानें त्या भागाची मूळ संहिता ग्राहकास उपलब्ध करावी. बोभाटा झाल्यावर कंपनीनें ती प्रसिद्ध केली.

आंत शिरण्याची वाट मात्र एका चुकीनें दिली. राउटराच्या पानावर जोडणी तपासण्यासाठीं 'पिंग'ची चौकट होती. तींत पत्त्याऐवजीं ठराविक चिन्हांत गुंडाळून हुकूम लिहिला, तर राउटर तो निमूटपणें पाळी. सुरक्षिततेच्या दृष्टीनें हा दोषच. पण मालकांना स्वतःच्याच घरांत उघड्या राहिलेल्या खिडकींतून शिरावें लागलें, हेंहि विसरतां येत नाहीं.

२००४ मध्यें ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला. आतां संगणकावरून टेलनेटनें राउटरांत जावें, 'एनव्हीरॅम सेट' लिहून जाळ्याचें नांव किंवा चॅनेल बदलावें आणि मग 'एनव्हीरॅम कमिट' म्हणावें, अशी रीत पडली. ही शेवटची ओळ राहिली, कीं वीज जाऊन येतांच सारें पूर्ववत्! पुढें यूसीआय ही नवी पद्धत आली. तींतहि 'सेट' आणि 'कमिट' टिकून राहिले.

कंपनीचें धोरण दुटप्पी दिसतें. २००५ मध्यें तिनें त्याच नांवाच्या राउटराची पांचवी आवृत्ति काढली. तींत लिनक्सच्या जागीं व्हीएक्सवर्क्स आलें, आणि कायम स्मृति ४ मेगाबाइटांवरून २ वर उतरली. उलट हौशी ग्राहकांसाठीं त्याच वर्षीं लिनक्सचा डब्ल्यूआरटी५४जीएल वेगळा विकावयास ठेवला. परवान्याचें भांडण येथेंहि मिटलें नाहीं. डिसेंबर २००८ मध्यें फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननें सिस्कोवर दावा लावला. मे २००९ मध्यें तडजोड झाली, आणि अटी पाळल्या जातात कीं नाहीं हें पाहण्यास लिंक्सिससाठीं स्वतंत्र संचालक नेमण्याचें सिस्कोनें मान्य केलें.

ओपनडब्ल्यूआरटी आज इतर अनेक कंपन्यांच्या राउटरांवर चालतें. त्याच्या नांवांतील शेवटचीं तीन अक्षरें त्या निळ्या पेटीचींच आहेत.