एका फार्दिंगचा कोको

चॉकलेट ही मुलांची वस्तू, म्हणून तिच्या इतिहासाकडे आपण क्वचितच वळतो. इंग्लंडात ती घरोघर पोहोचविणारी फ्राय, राउंट्री व कॅडबरी ही तिन्ही घराणी क्वेकर पंथाची होती. हा पंथ मद्याचा विरोधक. जॉन कॅडबरी यांनी १८२४ साली बर्मिंगहॅमला दुकान मांडले, तेव्हा चहा, कॉफी व कोको ही मद्याला पर्याय म्हणूनच विकावयास ठेविली. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतही क्वेकर अग्रभागी होते. म्हणूनच पुढील हकीकत मनाला लागते.

१९०१ साली विल्यम कॅडबरी यांच्या पाहण्यात साओ तोमे या आफ्रिकेजवळच्या पोर्तुगीज बेटावरील एका मळ्याच्या विक्रीचा कागद आला. मळ्याच्या मालमत्तेत मजुरांचीही किंमत लावलेली होती! कंपनीचा जवळजवळ निम्मा कोको त्या काळी याच बेटाचा. पोर्तुगीज कायद्याने गुलामगिरी केव्हाच संपविली होती. अंगोलातून आणलेले हे लोक कागदोपत्री पाच वर्षांच्या कराराचे नोकर. वाचकांस गिरमिटाची आठवण होईल. परंतु गिरमिटियांपैकी पुष्कळ जण निदान मायदेशी परतले, येथून परतणारा जवळजवळ कोणीच नसे.

कॅडबरींनी चौकशी आरंभिली. लिस्बनची वारी झाली. १९०५ साली जोसेफ बर्ट यांना पाठविले, तेही आधी पोर्तुगीज भाषा शिकवून. मग अहवाल, मग परराष्ट्रखात्याशी पत्रव्यवहार. खरेदी मात्र चालूच! खरेदी थांबविली तर मळेवाले आपले ऐकणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे. हा युक्तिवाद अगदीच खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. पण तो सोयीचा होता खास.

१९०८ साली ‘स्टँडर्ड’ पत्राने नेमके हेच वर्म काढले. ट्रान्सवालच्या खाणींतील चिनी मजुरांसाठी कॅडबरींचे ‘डेली न्यूज’ कळवळत होते ना? कॅडबरींनी बदनामीची फिर्याद गुदरली, आणि मार्च १९०९ मध्ये तेथील कोकोही वर्ज्य केला. डिसेंबरात ज्यूरीने बदनामी झाल्याचे मान्य केले व नुकसानभरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. कवडीच म्हणा ना!

कॅडबरी पुढे गोल्ड कोस्टकडे, आजच्या घानाकडे, वळले. तेथे आफ्रिकी शेतकरी लहानलहान शेतांत स्वतः कोको पिकवीत. साओ तोमेच्या मळेवाल्यांस मात्र दुसरी गिऱ्हाइके मिळत राहिली.