अमावस्या, अधिक महिना आणि धरमतरची खाडी

बँकेत आहे म्हटलं की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. व्याजदर वाढणार का, आणि पुढची सुट्टी कधी? पहिल्याचं उत्तर माझ्यापर्यंत वर्तमानपत्रातूनच येतं. दुसऱ्याचं मात्र तोंडपाठ! वीस वर्षं सुट्ट्या शोधता शोधता तिथ्या, सण, दिनविशेष अशी बरीच निरुपयोगी विद्या माझ्या पदरी पडली आहे. बी. कॉम.च्या अभ्यासात यातलं काहीही नव्हतं.

मी पेणला राहतो आणि माझी शाखा खाडीपलीकडे. म्हणजे दिवसातून दोनदा धरमतरचा पूल. एका बाजूला पोलादाचा कारखाना, खाली आंबा नदीचं खाडी झालेलं रूप, त्यावरून मालाचे बार्ज सावकाश येतात. धरमतर म्हणजे आता खिडकीतून दिसणारा मिनिटभराचा देखावा. पण रस्ते आणि पूल झाले नव्हते तेव्हा हे या मुलखाचं दार होतं. मुंबईची आगबोट खाडीतून आत इथवर यायची. इथे उतरायचं आणि पुढे मिळेल त्या वाहनानं पेण, नागोठणं, रोहा.

रोह्यावरून आठवलं. आमच्या धंद्याचे कुलपुरुष चिंतामणराव देशमुख या रोह्याचे. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. नोटेवर सही करणारा माणूस आपल्या जिल्ह्याचा, या आनंदावर मी बरेच महिनाअखेर काढले आहेत.

तर सांगायची गोष्ट १७ जुलै २०२३ ची. वार सोमवार. सोमवती अमावस्या, दिव्यांची अमावस्या, आणि ज्यांना दिव्यापेक्षा बाटलीत जास्त उजेड दिसतो त्यांची गटारी. पण त्या वर्षी एक घोटाळा होता. दुसऱ्या दिवसापासून जो श्रावण लागणार होता तो अधिक. खरा, म्हणजे निज श्रावण, त्याच्यानंतर महिन्यानं. सकाळपासून आमच्या शाखेत व्यवहार कमी आणि धर्मशास्त्र जास्त चाललं होतं. गटारी आज करायची, का निज श्रावणाच्या आदल्या अमावस्येला? रोखपालाचं मत पडलं, की शंका असेल तिथे दोन्हीकडे नोंद करावी. जमा-नावे जुळतं.

बाहेर पाऊस. वेधशाळेच्या हिशेबी २४ तासांत ६४.५ मिलिमीटर झाला की ‘जोरदार’ आणि २०४.४ च्या पुढे गेला की ‘अति’ची सगळी विशेषणं. दशांश चिन्हापर्यंत मोजणारी माणसं मला मनापासून आवडतात. अलिबागला अशांचं एक देऊळच आहे, चुंबकीय वेधशाळा. मूळची ती मुंबईत कुलाब्याला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्या विजेनं चुंबकसुया बिथरतील म्हणून १९०४ पासून कारभार अलिबागेत आला, आणि इमारत बांधली तीही लोखंड टाळून. ट्रामला घाबरून समुद्र ओलांडणारी संस्था जगात दुसरी नसावी. पुढे ट्राम गेल्या, वेधशाळा राहिली.

गिऱ्हाईक कमी होतं म्हणून मी टेबलावरच्या डायरीत दिनविशेष उघडला. १७ जुलै : १९१८ साली रशियाच्या झारला सहकुटुंब गोळ्या घातल्या. १९५५ साली अमेरिकेत डिस्नेलँड उघडलं. १९७५ साली अमेरिकेचं अपोलो आणि रशियाचं सोयूझ यांनी अवकाशात गळाभेट घेतली. झालं, यादी संपली. माझ्या खाडीच्या तोंडाशी काय झालं, त्याला एक ओळ नाही.

१७ जुलै १९४७, गुरुवार. स्वातंत्र्याला २९ दिवस उरले होते. सकाळी आठला ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. बोट १९३६ मध्ये इंग्लंडात स्वान हंटरच्या गोदीत बांधलेली. ‘टायटॅनिक’च्या बुडत्यांना उचलणारी ‘कार्पाथिया’ याच गोदीतली. कंपनी स्वदेशी, लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणायचे. भाविक गिऱ्हाईक यावं म्हणून बोटींना संतांची नावं. त्यांतली ‘तुकाराम’ १९२७ च्या नोव्हेंबरात ‘जयंती’बरोबर एकाच दिवशी गेली होती. तरी लोक ‘रामदास’मध्ये बसले. अमावस्या तोंडावर, घरी जायची घाई, आणि दुसरा रस्ता लांबचा.

तासाभराच्या आत, काशाच्या खडकाजवळ, पाऊस आणि वारा एकदम चढला. मोठी लाट आली, माणसं एका बाजूला धावली आणि बोट कलंडली. सहाशेंहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे बोट सकाळी बुडाली आणि मुंबईला कळलं दुपार उलटल्यावर, कोणी पोहत पोहत किनारा गाठला तेव्हा. रेवसचे कोळी पापलेटं घेऊन मुंबईच्या बाजाराला निघाले होते. त्यांनी मासळी समुद्रात ओतली आणि होड्यांत माणसं भरली. त्या मासळीची किंमत कुठल्या खात्यात धरायची, हे आमच्या लेजरला सांगता येत नाही.

आता पंचांगाचं बघा. १९४७ लाही त्या अमावस्येनंतर श्रावण अधिकच लागला होता. १९ वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जवळपास जुळतात, कारण तेवढ्यात २३५ चांद्र महिने भरतात. चार वेळा एकोणीस म्हणजे शहात्तर, आणि १९४७ मध्ये शहात्तर मिळवले की २०२३. मी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिलं. अधिकात शुभकार्य करत नाहीत म्हणतात. देशानं मात्र त्याच अधिकात मध्यरात्री स्वातंत्र्य घेतलं. इतक्या दिवसांची थकबाकी वसूल करताना मुहूर्त कोण बघतो!

हा हिशेब चालू असतानाच खिडकीशी एक आजी आल्या. खारेपाटातल्या, नऊवारी भिजलेली, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत. त्यांच्या खात्याचं केवायसी राहिलेलं. मी फॉर्म भरायला घेतला.

‘‘आजी, जन्मतारीख?’’

‘‘रामदास बुरली, तवा मी रांगत होते.’’

आधार कार्डावर होती १ जानेवारी. आमच्या शाखेतली निम्मी म्हातारी माणसं १ जानेवारीला जन्मली आहेत. त्या दिवशी सगळ्यांना वाढदिवसाचा संदेश आपोआप जातो आणि यंत्राला धन्य वाटतं. ज्याला तारीख ठाऊक नाही त्याला ते वर्षाच्या पहिल्या पानावर नेऊन बसवतं. आजींना मात्र आपलं वय अचूक ठाऊक होतं. फक्त ते त्या बोटीपासून मोजलेलं होतं.

‘‘तुमचं कोण होतं बोटीवर?’’

‘‘बापूस.’’ एवढंच. मग त्यांनी पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

आमची पिढी धरमतरला पूल म्हणून ओळखते. पावसाळा आला की मांडव्याच्या लाँचा बंद होतात, एवढं आम्हाला ठाऊक. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट नेणारी मोठी रो-रो बोट येते आणि तिच्यात लोक चहा पीत फोटो काढतात. काढावेत. पण उधाणाची अमावस्या आली की खारेपाटातली जुनी माणसं आधी बांधाकडे बघतात, खांड गेली का, उघडी धरून आहे का, आणि मग समुद्राच्या दिशेला.

आजींनी फॉर्मवर अंगठा दिला. मी निळी शाई पुसायला कागद पुढे केला.

‘‘बाला, तू शिकलेला. यंदा दोन-दोन अमावश्या सांगतान. दिवा आज लावू का पुढल्या महिन्यान?’’

रोखपालाकडे मी बघितलंसुद्धा नाही.

‘‘आजच, आजी. आषाढातली हीच.’’

‘‘मग पाशे रुपये दे लवकर. तेल घ्यायचं हाय, न् गारी चुकंल.’’