संशोधन-अनुदान, लघु
विद्यापीठाने किंवा महाविद्यालयाने आपल्या निधीतून अध्यापकाला मर्यादित मुदतीच्या संशोधनासाठी दिलेले अल्प रकमेचे साहाय्य. शिष्यवृत्तीप्रमाणे ते निर्वाहासाठी नसते आणि मोठ्या प्रकल्पाप्रमाणे त्यातून स्वतंत्र कर्मचारीवर्गही नेमता येत नाही. रसायने, एखादे लहान उपकरण, क्षेत्रपाहणीचा प्रवास, प्रश्नावल्यांची छपाई व संदर्भग्रंथ यांपुरताच त्याचा आवाका असतो. इंग्लंडमध्ये १८५० पासून सरकारने रॉयल सोसायटीमार्फत वर्षाला एक हजार पौंड शास्त्रज्ञांना छोट्या वाट्यांनी देण्यास आरंभ केला. या पद्धतीचे ते एक जुने उदाहरण होय. महाराष्ट्रात या अनुदानाचे खरे महत्त्व विद्यापीठाच्या आवारात नव्हे, तर तालुक्याच्या गावातील महाविद्यालयांत दिसून येते. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके त्या दृष्टीने लक्षणीय आहेत.

या भागात संशोधनाचे विषय आधी आले, महाविद्यालये मागाहून. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाल्यावर कोरडवाहू जमिनीत उसाचे पीक आले. परंतु निचऱ्याच्या अभावी अतिरिक्त पाण्याने भूजलाची पातळी वर येऊन क्षार पृष्ठभागावर साचू लागले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी ताम्हणे यांच्या सहकार्याने नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर लिहिलेली पत्रिका मुंबई प्रांताच्या कृषी खात्याने १९१० मध्ये प्रसिद्ध केली. पुढे भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात इंदापूर तालुक्यातील गावे बुडाली, पळसदेवचे प्राचीन मंदिर पाण्याखाली गेले आणि भिगवणच्या परिसरात रोहित पक्ष्यांसह स्थलांतरित पाणपक्ष्यांचे थवे उतरू लागले. मृद्‌विज्ञान, प्राणिविज्ञान, भूगोल, अर्थशास्त्र व इतिहास या सर्वच विषयांच्या अभ्यासकाला पुरेल एवढी सामग्री येथे होती; तिच्याकडे पाहण्यासाठी माणसे मात्र बाहेरून येत.

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ मध्ये झाली व मु. रा. जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू झाले. संलग्न महाविद्यालयांनी पदवीपर्यंत शिकवावे आणि उच्च संशोधन प्रामुख्याने विद्यापीठीय विभागांनी व पुण्यातील मान्यताप्राप्त संस्थांनी करावे, अशी कामाची वाटणी बराच काळ रूढ होती. बारामतीस १९६२ मध्ये तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले. १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान ही संस्था स्थापन झाली. पुढे इंदापूर येथे व त्या तालुक्यातील कळंब-वालचंदनगर परिसरातही महाविद्यालये निघाली. पुण्यापासून बारामती सुमारे १०० किमी. व इंदापूर सुमारे १४० किमी. दूर असल्याने केवळ एखादे नियतकालिक चाळण्यासाठीही अध्यापकाचा एक दिवस जाई. अशा ठिकाणी काही हजारांच्या साहाय्याचे मोल त्याच्या आकड्यावरून ठरविता येत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोग लघुसंशोधन प्रकल्पांना साहाय्य देत असे. तथापि १९७२ च्या दुरुस्तीने आयोगाच्या कायद्यात आलेल्या १२ ब या कलमानुसार पात्र न ठरलेल्या संस्थेला केंद्रीय अनुदान मिळू शकत नव्हते, आणि नव्या ग्रामीण महाविद्यालयांना ही पात्रता मिळेपर्यंत काळ लागे. विद्यापीठाच्या स्वनिधीला हा निर्बंध लागू नव्हता. महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ मध्ये महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळाची तरतूद होती. पुणे विद्यापीठात याच मंडळामार्फत संलग्न महाविद्यालयांतील अध्यापकांना छोटी अनुदाने देण्यात येऊ लागली. प्राचार्यांमार्फत प्रस्ताव, तज्ज्ञांकडून छाननी, हप्त्यांनी रक्कम, लेखापरीक्षित उपयोगिता प्रमाणपत्र आणि शेवटी अहवाल असा त्याचा क्रम असे. घेतलेले उपकरण जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढून महाविद्यालयाच्याच मालकीचे होई. प्रकल्प संपल्यावर विद्यार्थी ते हाताळीत. किंबहुना, कित्येकदा अनुदानाचे टिकाऊ फलित एवढेच असे, आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही.

आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकाच्या पदोन्नतीसाठी शैक्षणिक कामगिरीचे गुणांकन आणले. त्यात विज्ञानशाखेत ५० हजारांवरील आणि मानव्य व सामाजिक शास्त्रांत २५ हजारांवरील लघुप्रकल्पास प्रत्येकी १० गुण होते. त्याहून कमी रकमेत केलेल्या कामाला या रकान्यात स्थान नव्हते. त्यामुळे अभ्यासाची गरज कितीही अल्प असली, तरी अंदाजपत्रक उंबरठ्याच्या वर नेण्याचा मोह निर्माण झाला. इंदापूरच्या जिरायत गावात पायी हिंडून केलेल्या पाहणीला खर्च थोडा येतो; या मोजमापाने तीच गैरसोयीची ठरली. शिवाय अध्यापनाचे तास अनुदानामुळे कमी होत नसत. वेळ ही सर्वांत दुर्मिळ वस्तू असूनही तिची तरतूद कोणत्याही शीर्षाखाली नव्हती.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला व जुने विकास मंडळ संपुष्टात आले. त्याच महिन्यात बारावी पंचवार्षिक योजनाही संपली, आणि योजनावार अनुदानांची जुनी चौकट तिच्याबरोबर गेली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने (२०१४ मध्ये नामविस्तार) ‘अस्पायर’ या नावाने अंतर्गत साहाय्याची योजना चालविली. दरम्यान राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने विद्यापीठे व स्वायत्त महाविद्यालये यांच्या मूल्यांकनात अध्यापकांना दिलेल्या बीजनिधीचा निकष अंतर्भूत केला. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयासारख्या स्वायत्त झालेल्या संस्थेवर आता असा निधी स्वतः उभारण्याची जबाबदारी येते. ज्या लहान महाविद्यालयांना स्वायत्तता नाही, त्यांची भिस्त विद्यापीठावरच राहते. माळेगाव खुर्द येथे २००९ मध्ये पायाभरणी झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था दुष्काळ व क्षारता यांवर केंद्रीय निधीतून संशोधन करते. तिच्या शेजारच्या महाविद्यालयांतील अध्यापक त्याच जमिनीच्या नमुन्यांचे पृथक्करण अशा छोट्या अनुदानातून करू शकतात.